काशीबाईंचा खोपा, रमाबाईंचं पोलकं: ऐतिहासिक मालिका-सिनेमांतल्या नायिकांसारखा लूक करायचा तर काय माहीत हवं?

गुढीपाडव्याची सकाळ. गिरगाव, ठाणे, डोंबिवलीच्या शोभायात्रांमध्ये नऊवारी नेसलेल्या, नथ आणि चंद्रकोर लावलेल्या, केसांचा खोपा घातलेल्या मुली बुलेटवर दिसतात. दुपारपर्यंत त्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर येतात. खाली हॅशटॅग असतो ‘पेशवाई लूक’. संध्याकाळपर्यंत कुणीतरी कमेंट टाकलेलीच असते, “ताई, हा पेशवाई नाही, लावणीचा लूक झाला.” आणि मग वाद सुरू होतो.

मंगळागौर असो, लग्न असो, शिवजयंती असो, नाहीतर शाळेतली वेशभूषा स्पर्धा असो. ‘बाजीराव मस्तानी’मधली काशीबाई, ‘उंच माझा झोका’मधली रमा किंवा ‘पानिपत’मधली पार्वतीबाई यांच्यासारखं तयार व्हायला आज अनेकींना आवडतं. पण या लूकमध्ये इतिहासातलं किती आणि डिझायनरने ठरवलेलं किती? घरच्या घरी तो नीट कसा करायचा? आणि खोपा, कुंकू, नथ या गोष्टी ज्यांच्या अंगावर रोज होत्या, त्या बायकांसाठी त्यांचा अर्थ काय होता? सगळं क्रमाने समजून घेऊ.

नायिकेची नक्कल करायची हौस किती जुनी?

इन्स्टाग्रामच्या शंभर वर्षं आधीची. आणि गंमत म्हणजे जिच्यासारखं दिसावं असं महाराष्ट्रातल्या बायकांना वाटायचं ती नायिका एक पुरुष होता.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’मधली भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याला’मधली सिंधू या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. तेव्हा नाटकात स्त्रियांची कामं पुरुषच करायचे. बालगंधर्व साडी कशी नेसतात, पदर कसा घेतात, केसांत फूल कुठे माळतात, हे बघून घराघरांतल्या बायका तसं करू लागल्या होत्या. २०११ साली आलेल्या ‘बालगंधर्व’ या सिनेमात सुबोध भावेने ही भूमिका केली, तेव्हा हा किस्सा नव्या पिढीलाही कळला.

दुसरं नाव राजा रविवर्मा यांचं. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे छापलेली देवींची आणि पुराणातल्या नायिकांची चित्रं भिंतीभिंतींवर लागली. साडी नेसलेली, दागिने घातलेली ‘आदर्श’ भारतीय स्त्री कशी दिसते, याची जी प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की बसली आहे, तिच्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर टीव्ही आला. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीवर दूरदर्शनने मालिका केली. त्यात मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या होत्या. त्याच मृणाल कुलकर्णींनी २०१४ साली ‘रमा माधव’ हा सिनेमा दिग्दर्शित केला, तेव्हा मोठ्या रमेच्या भूमिकेत पर्ण पेठे होती. २०१९ साली कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ आली आणि सृष्टी पगारेने छोटी रमा केली. म्हणजे एकच नायिका वेगवेगळ्या पिढ्यांनी वेगवेगळ्या चेहऱ्यांत पाहिली, आणि प्रत्येक वेळी तिच्या साड्या-दागिन्यांची चर्चा झाली.

मालिकेमुळे दागिन्याला नाव मिळतं, याचंही उदाहरण आहे. ‘जय मल्हार’मधल्या बानूची नथ इतकी आवडली की बाजारात आजही ‘बानू नथ’ म्हणून मागितली की दुकानदाराला बरोबर कळतं.

पडद्यावरचं किती खरं?

यासाठी एक साधा हिशेब लक्षात ठेवायचा. फोटोग्राफीचं तंत्र जगासमोर आलं १८३९ साली. थोरले बाजीराव गेले १७४० साली आणि काशीबाई १७५८ साली. म्हणजे काशीबाई कशा दिसायच्या हे सांगणारा फोटो असणं शक्यच नाही.

मग डिझायनर काय बघतात? त्या काळातली चित्रं, वाड्यांमधली आणि देवळांमधली भित्तिचित्रं, कागदपत्रांत आलेले कापडाचे आणि दागिन्यांचे उल्लेख, जुन्या घरांत टिकलेल्या वस्तू. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तिथल्या भिंतींवर अशी चित्रं आजही बघता येतात. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या फण्या, कुंकवाचे करंडे, दागिने, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. कपड्यांचा आणि दागिन्यांचा अभ्यास करायचा असेल तर या जागा रीलपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

एवढा अभ्यास करूनही सिनेमा सिनेमाच राहतो. कॅमेऱ्यासाठी रंग गडद केले जातात, खोपा मोठा केला जातो, दागिने वाढवले जातात. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’मधलं ‘पिंगा’ हे गाणं आलं तेव्हा त्यावर बराच वाद झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवणं आणि नऊवारी नेसण्याची तऱ्हा, या दोन्हींवर आक्षेप घेतले गेले. आक्षेप घेणाऱ्यांमध्ये पेशव्यांचे वंशजही होते. मूळ पिंगा हा मंगळागौरीत बायकांनी बायकांसाठी खेळायचा खेळ आहे, बघे जमवून करायचा नाच नाही.

रंगांचंही तसंच. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. त्याआधीचं सगळं रंगकाम वनस्पती, खनिजं आणि किड्यांपासून व्हायचं. याचा अर्थ पेशवाईतली साडी फिकट असायची असा नाही. नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा यांपासून चांगले झळझळीत रंग मिळायचे. पण काही रेडिमेड ‘पेशवाई’ सेटमध्ये असतो तसा चमचमणारा पोपटी किंवा निऑन गुलाबी रंग त्या काळात कुणाच्या अंगावर नसणार.

लूक ठरवण्याआधी तीन प्रश्न

आपण ज्या नायिकेसारखं तयार होणार आहोत तिच्याबद्दल तीन गोष्टी विचारल्या, की निम्मं काम होतं.

*केव्हाची?* शिवकाळ म्हणजे सतरावं शतक, पेशवाई म्हणजे अठरावं, आणि रमाबाई रानडे किंवा आनंदीबाई जोशींचा काळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. या तिन्हींत कपड्यांत फरक आहे. ‘जुन्या काळातली बाई’ असा एकच सरसकट लूक नसतो.

*कुठल्या घरची?* शनिवारवाड्यातली, सरदाराच्या घरची, भटजीबुवांच्या घरची, शेतात राबणारी की मासळी विकणारी? नऊवारी सगळ्याच नेसायच्या, पण नेसण्याची तऱ्हा, कापड, लांबी वेगळी असायची. कोणी काय घालावं यावर जातीची बंधनंही होती. पडद्यावर बहुतेक वेळा वाड्यातल्या बायकाच दिसतात, म्हणून ‘मराठमोळं’ म्हणजे भरजरी असं आपल्याला वाटायला लागलं आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य बायकांची नऊवारी सुती आणि रोजच्या कामाची होती.

*दिवस कुठला?* लग्न, सण, दरबार की साधा घरातला दिवस? पडद्यावरची नायिका स्वयंपाकघरातही अंगभर दागिने घालून असते. खऱ्या घरात ठेवणीतले दागिने सणावारीच बाहेर निघायचे.

केस: खोपा, अंबाडा की वेणी?

या तिन्हींत लोक सर्रास गल्लत करतात.

*अंबाडा* म्हणजे सगळे केस मागे घेऊन, पीळ देऊन गोल गुंडाळून घातलेली गाठ. रोजच्या वापरातला, साधा प्रकार. घाईघाईत, कसाबसा बांधलेला असेल तर त्याला *बुचडा* म्हणायचं.

*खोपा* मानेच्या वर बसतो, भरीव असतो आणि जास्त ठाकठीक असतो. सुगरणीच्या घरट्यालाही खोपाच म्हणतात, यावरून त्याचा आकार लक्षात येईल. सणासुदीचे केसांतले दागिने खोप्यावर छान बसतात.

*वेणी* हा शब्द दोन अर्थांनी येतो: केसांची तीन पेडांची वेणी आणि केसांत माळायची फुलांची वेणी. लहान मुलींच्या केसांच्या वेणीला खाली गोंडे लावायचे.

घरी खोपा घालायचा असेल तर असा घाला:

१. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी खोपा चांगला बसतो. अगदी ताजे धुतलेले केस निसटतात.

२. मधोमध भांग पाडा. साइडचा भांग आणि पुढे सोडलेल्या कुरळ्या बटा हे आजचं आहे. हातावर थोडं खोबरेल तेल किंवा जेल घेऊन पुढचे केस चापून बसवा.

३. मानेच्या थोडं वर केस रबरने बांधा. त्याची सैलसर वेणी घाला किंवा नुसता पीळ द्या.

४. केस पातळ किंवा आखूड असतील तर गंगावन जोडा. ही काही नवी फसवेगिरी नाही. गंगावन वापरायची पद्धत जुनी आहे आणि मालिकांमध्येही हेच करतात. स्पंजची गोल रिंग मिळते, तीही चालते.

५. वेणी रिंगभोवती गुंडाळून आकड्यांनी पक्की करा. वरून केसांच्या रंगाची जाळी लावली की दिवसभर खोपा हलत नाही.

६. शेवटी दागिना आणि फुलं. राखडी, मूद, केतक, सोन्याचं फूल हे केसांतले पारंपरिक दागिने. एका खोप्याला एक-दोन पुरेत. फुलांमध्ये मोगऱ्याचा गजरा सगळीकडे मिळतो. कोकणात आणि गोव्यात अबोलीच्या आणि सुरंगीच्या वळेसरांना मान आहे. सोनचाफा, बकुळ, केवडाही चालतो. जरबेरा आणि ऑर्किड मात्र टाळा.

बॉयकट असेल तर पदर डोक्यावरून घ्या. ती तडजोड नाही. जिजाबाई, येसूबाई, अहिल्याबाई यांच्या भूमिका मालिकांमध्ये बहुतेक वेळा तशाच दिसतात.

नऊवारी: नेसायची की शिवलेली घ्यायची?

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. सहावारीच्या दीडपट. ही साडी परकराशिवाय नेसतात. आत सायकलिंग शॉर्ट्स किंवा लेगिंग घातली की निर्धास्त वावरता येतं.

ढोबळ पद्धत अशी. साडी कमरेमागून पुढे आणून पोटावर घट्ट गाठ मारायची, पदराकडची बाजू लांब ठेवायची. ती बाजू अंगाभोवती फिरवून खांद्यावर घ्यायची आणि पदराची लांबी ठरवायची. मध्ये उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालून पोटाशी खोचायच्या. मग निऱ्यांचा खालचा भाग दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला की काष्टा झाला. समोर निऱ्यांचा थोडा भाग उचलून खोचला की ओचा.

इथूनच प्रकार वेगळे होतात. ब्राह्मणी पद्धतीत साडी घोट्यापर्यंत येते आणि ओचा नीट दिसतो. कोळी बायकांची साडी गुडघ्यापर्यंत, कारण काम पाण्यातलं. शेतात काम करणाऱ्या बायकाही साडी वर खोचून घेत. लावणीची नऊवारी अंगाला घट्ट बसते, कारण ती नाचण्यासाठी आणि रंगमंचासाठी आहे. पाडव्याच्या कमेंटमधला वाद सहसा याच फरकावरून होतो. वाड्यातल्या नायिकेसारखा लूक हवा असेल तर पदर एका खांद्यावर पिन करून न सोडता पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर ओढून घ्या. फक्त एवढ्या बदलाने लूक बराच जवळ जातो.

शिवलेली नऊवारी पँटसारखी चढवता येते. मंगळागौरीचे खेळ खेळायचे असतील, ढोल-ताशा पथकात वाजवायचं असेल तर ती सोयीची. पण एक गोष्ट कळकळीची आहे: आजीची जुनी नऊवारी शिवून घेण्यासाठी कापू नका. एकदा कात्री लागली की ती पुन्हा साडी होत नाही. जुनं रेशीम घडीच्या रेघेवर विरतं, म्हणून अशी साडी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. शिवायचीच असेल तर नवी, स्वस्तातली घ्या.

कापड कुठलं? पैठण आणि येवल्याची पैठणी सणाची. कर्नाटकातल्या इळकलहून येणारी इरकल आणि तेलंगणातल्या नारायणपेठची नारायणपेठी या रोजच्या आणि थोड्या ठेवणीतल्या. काळी चंद्रकळा संक्रांतीची. चोळीसाठी खण, तोही मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. म्हणजे ‘अस्सल मराठी’ लूकमधलं बरंचसं कापड शेजारच्या राज्यांमधल्या मागांवर विणलं जातं.

चोळी आणि पोलकं

काळ ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ब्लाउज. पेशवाईतल्या नायिकेला पुढे गाठ मारायची आखूड चोळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी शिक्षण आणि शिवणयंत्र आल्यावर, सुधारक घरांतल्या बायकांच्या अंगात लांब बाह्यांचं, गळ्याशी बंद असलेलं पोलकं दिसू लागलं. आनंदीबाई जोशींचे, रमाबाई रानड्यांचे फोटो उपलब्ध आहेत. तिथे डिझायनरच्या कल्पनेवर अवलंबून राहायची गरज नाही. पाठीला दोऱ्या आणि लटकन असलेला ब्लाउज दोन्ही काळांत बसत नाही.

दागिने: एकावेळी सगळे नकोत

पारंपरिक दागिन्यांची यादी मोठी आहे. कानात कुड्या, बुगड्या, वेल. गळ्यात ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळीमाळ, कोल्हापुरी साज. दंडावर वाकी. हातात पाटल्या, बिलवर, गोठ, तोडे आणि त्यांच्यामध्ये काचेचा हिरवा चुडा. पायात पैंजण किंवा तोरड्या आणि बोटांत जोडवी.

रेडिमेड सेटमध्ये हे सगळं एकत्र मिळतं आणि तिथेच चूक होते. मोत्यांची चिंचपेटी आणि तन्मणी ही एक जात, सोन्याची ठुशी आणि बोरमाळ ही दुसरी, कोल्हापुरी साज तिसरी. गळ्यालगत एक आणि छातीवर रुळणारा एक असे दोन निवडा. वाड्यातल्या नायिकेला मोती शोभतात, गावाकडच्या पाटलीणबाईंना साज आणि पुतळीमाळ.

नथीबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्राचीन भारतीय शिल्पांमध्ये स्त्रियांच्या अंगावर असंख्य दागिने आहेत, पण नाकात काही नाही. नाकातले दागिने मध्ययुगात आले, असं पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांच्यासह अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणून पेशवाईच्या लूकमध्ये नथ चालते, पण सातवाहनकाळातल्या नायिकेला ती घालू नका. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते.

कुंकू

चंद्रकोरीची टिकली आज सगळीकडे मिळते. जुनी पद्धत म्हणजे आधी कपाळावर मेण लावायचं आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. म्हणून जुन्या करंड्यांमध्ये मेणासाठी वेगळा कप्पा असायचा. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून करतात. बाजारातल्या स्वस्त लाल पावडरीत काय असेल सांगता येत नाही, म्हणून खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

कुठल्या नायिकेचा लूक कसा?

*काशीबाई, पार्वतीबाई (पेशवाई):* मोठा खोपा, मोत्यांचे दागिने, काठापदराची रेशमी नऊवारी, गाठीची चोळी, दोन्ही खांद्यांवर पदर.

*छोटी रमा (‘स्वामिनी’, ‘उंच माझा झोका’):* परकर-पोलकं किंवा लहान साडी, गोंड्याची वेणी, एखादाच दागिना.

*अहिल्याबाई होळकर:* पांढरी किंवा फिकट साडी, डोक्यावर पदर, दागिने जवळजवळ नाहीत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले आणि १७६७ नंतर त्यांनी राज्य चालवलं ते विधवा म्हणून. तरीही शाळांच्या कार्यक्रमांत ‘अहिल्याबाई’ झालेल्या मुलींना नथ आणि लाल कुंकू लावलेलं हमखास दिसतं.

*सावित्रीबाई फुले:* साधी सुती नऊवारी, ठसठशीत कुंकू, डोक्यावर किंवा खांद्यावर पदर, हातात पुस्तक. ३ जानेवारीला शाळांमध्ये हा वेश सगळ्यात जास्त दिसतो. सोबत पिशवीत आणखी एक साडी द्या. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या बदलायला दुसरी साडी जवळ ठेवत.

*आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे:* मधला भांग, चापून घातलेला अंबाडा, लांब बाह्यांचं पोलकं, मोजके दागिने. आणि पायात बूट, हातात छत्री. त्या काळात बाईने पायात काही घालून आणि छत्री घेऊन रस्त्याने चालणं हा उद्धटपणा समजला जायचा. तो मान पुरुषांचा होता. त्यामुळे या लूकमधली सगळ्यात धाडसी वस्तू दागिन्यांच्या पेटीत सापडणार नाही.

खोप्यामागचा इतिहास

आज केस बांधायचे की मोकळे सोडायचे, हा आवडीचा प्रश्न आहे. तेव्हा तो नव्हता. लग्न झालेल्या बाईने मोकळ्या केसांनी वावरणं अशुभ मानलं जायचं. तिन्हीसांजेच्या आत वेणीफणी उरकायची असा दंडक होता. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, नाकात नथ, खोप्यात फुलं. ही सगळी नटण्याची हौस होतीच, पण ‘हिचा नवरा जिवंत आहे’ असं सांगणारी पाटीही होती.

नवरा गेला की त्याच दिवसांत सगळं उतरायचं. ब्राह्मण आणि इतर काही उच्च मानल्या जाणाऱ्या जातींमध्ये विधवेचं केशवपन, म्हणजे डोकं भादरणं, सक्तीचं होतं. मग आयुष्यभर लाल आलवण. मुलींची लग्नं लहानपणी व्हायची. रमाबाई रानड्यांचं अकराव्या वर्षी झालं, आनंदीबाईंचं नवव्या. त्यामुळे कित्येक मुली शहाण्या व्हायच्या आधीच विधवा व्हायच्या. त्यांना खोपा कधी घालताच आला नाही.

‘पानिपत’ सिनेमात कृती सेननने साकारलेल्या पार्वतीबाईंची गोष्ट इथे आठवायला हवी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते कधी मान्य केलं नाही. त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही आणि अखेरपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या. पेशव्यांच्या घरात, सगळ्यांच्या नजरेसमोर, रोज सकाळी कपाळाला कुंकू लावणं हा त्यांचा निर्णय होता. त्यांच्यासारखा खोपा घालून फोटो काढणाऱ्या मुलींपैकी किती जणींना हे माहीत असतं?

केशवपनाच्या विरोधात पुढे बरंच काम झालं. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि विधवांना शिकवायला सुरुवात केली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक मंडळी एकत्र आली आणि आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. ही घटना पडद्यावर फारशी आली नाही, पण केसांच्या इतिहासात तिची जागा मोठी आहे.

म्हणून वेशभूषा स्पर्धेसाठी लहान मुलीला छोटी रमा किंवा आनंदी करताना तिला एवढं नक्की सांगावं की त्या मुलींना हे कपडे एका दिवसासाठी नव्हते, आणि त्यातून वाट काढून त्या शिकल्या. आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं.

तयार होताना ही काळजी घ्या

*केस फार ओढू नका.* वारंवार घट्ट बांधल्याने कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस मागे सरकतात. डॉक्टर याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. डोकं ठणकायला लागलं तर खोपा सैल करा. गंगावन रोज लावू नका आणि घरी आल्यावर लगेच केस मोकळे करा.

*खोटे दागिने आधी घालून बघा.* अनेकांना निकेलची ॲलर्जी असते. नवी ठुशी किंवा दाबाची नथ आदल्या दिवशी तासभर घालून ठेवा. खाज किंवा लाली आली तर ती घालू नका.

*गाडीवर पदर कमरेला खोचा.* शोभायात्रेत बुलेटवर बसताना लांब पदर चाकात अडकण्याचा धोका असतो. तो कमरेभोवती घेऊन घट्ट खोचा, पिनही लावा, आणि हेल्मेट बसेल असा छोटा अंबाडा घाला. खोपा उतरल्यावरही घालता येतो.

*विकत घेण्याआधी घरात विचारा.* आजी, मावशी, शेजारच्या काकू यांच्याकडे जुनी इरकल, एखादी मूद, पितळेचा करंडा निघतो. नऊवारी नेसवणारं माणूसही बहुतेक घरांत सापडतं. ते शिकून घ्यायला एक दुपार पुरते, आणि ती साडी कुणाची, कुठल्या साली घेतलेली, हेही त्याच दुपारी कळतं. पुढच्या पाडव्याला कमेंटमध्ये कुणी “हा कुठला लूक?” म्हणून विचारलं, तर सांगायला नाव असेल.